सुरू करण्याआधी बंद करून बघा

प्रश्न : आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा जुना डिझेल ट्रॅक्टर तेव्हापासून शेडमध्ये उभा आहे. वाटणीत तो माझ्याकडे आला. खरं तर दुसऱ्या कुणाला नकोच होता. मी मोटारगाडी रोज चालवते, ट्रॅक्टर कधीच चालवलेला नाही. शेडची जमीन दाराकडे उतरती आहे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला मोठा दगड लावलेला आहे. शेजारी खिळ्याला एक लांब स्क्रू ड्रायव्हर टांगलाय, त्याचं टोक जळून काळं पडलंय. स्टीअरिंगखाली तारेचा एक आकडा लोंबतो, तो कशाचा ते कळत नाही. बॅटरी मेलेली आहे. शेजारचे काका म्हणतात, ‘माझ्या ट्रॅक्टरने ओढू, दोन मिनिटांत चालू होईल.’ चालू झाला की मागे गवत कापायचं यंत्र लावून पडीक तुकडा साफ करायचा आणि मुलांना एक फेरी मारून आणायची, एवढीच इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. दगड, टोक जळालेला स्क्रू ड्रायव्हर आणि तारेचा आकडा. या तिन्हींचा अर्थ लावला तर ट्रॅक्टर शेवटी कोणत्या अवस्थेत चालत होता ते बरंचसं कळतं.

दगड आहे म्हणजे हँडब्रेक धरत नसणार, निदान आजोबांचा त्यावर भरवसा नव्हता. तोंड उताराकडे करून उभा केलाय, म्हणजे ज्या दिवशी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी विजेची मोटर, साथ देत नसे त्या दिवशी ते दगड काढून ट्रॅक्टर उतारावर सोडत असावेत आणि गियर टाकून क्लच सोडला की इंजिन पकडत असावं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठिणग्यांनी जळलंय. किल्लीकडून सेल्फकडे येणारी वायरिंग कधीतरी गेली आणि सेल्फवरचे दोन बोल्ट त्या टोकाने जोडून इंजिन फिरवायची सवय पडली. आकडा बहुधा इंजिन बंद करायचा आहे. जुन्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये किल्ली सहसा फक्त विजेपुरती असते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे एकदा चालू झालं की किल्ली काढून खिशात घातली तरी ते आपलं चालूच राहतं. पंपाकडून येणारं डिझेल तोडलं की ते थांबतं. त्यासाठी समोर ओढायची एक नॉब असते आणि तिची केबल डिझेल पंपावरच्या छोट्या लिव्हरपर्यंत जाते. नॉब तुटली, केबल अडकली, तारेवर भागवलं, असं झालेलं दिसतं.

यावरून आजोबा निष्काळजी होते असं मात्र समजू नका. त्यांना प्रत्येक खोट ठाऊक होती आणि तिच्याभोवती हाताला वळण पडलेलं होतं. दांडी हलवून न्यूट्रलची खात्री करायची, मग दगड, मग स्क्रू ड्रायव्हर, मग आकडा. यंत्रात नसलेली सुरक्षितता त्यांच्या सवयीत होती. वाटणीत तुम्हाला ट्रॅक्टर मिळाला, सवयी मिळाल्या नाहीत. म्हणून त्यांच्या तिन्ही युक्त्या तुम्ही वापरायच्या नाहीत. हँडब्रेक, सेल्फची वायरिंग आणि बंद करायची केबल ही तिन्ही कामं इंजिन चालू व्हायच्या आधी व्हायला हवीत.

आता काकांचं. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ओढून सुरू करायला नम्रपणे नाही म्हणा. सहा वर्षं उभ्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो, सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. साखळीच्या जोराने पिस्टन त्यावर आदळला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ अशा वेळी निदान अडून बसतो, पुढचा ट्रॅक्टर अडत नाही. आणि समजा इंजिन पकडलंच, तर तुम्ही कुठे असाल? कधी न चालवलेल्या यंत्रावर, ब्रेकचा पत्ता नाही, साखळी ढिली झालेली, समोर दहा फुटांवर काकांची पाठ, आणि थांबवायला एक तार.

काकांच्या ट्रॅक्टरचा उपयोग वेगळ्याच कामाला करून घ्या. पुढची सगळी कामं उतारावर करायची नाहीत. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, आणि साखळी किंवा दोराऐवजी मधे ताठ लोखंडी दांडा जोडून ट्रॅक्टर माणसाच्या चालीने सपाट, मोकळ्या जागेवर आणून घ्या. ब्रेक धरत नसलेलं वाहन साखळीने ओढलं तर पुढचं थांबल्यावर मागचं थांबत नाही. दगड काढायचा तो दांडा जोडून झाल्यावर, आणि बाजूने. चाकाच्या पुढ्यात बसून नव्हे. सपाटीवर आल्यावर मागच्या चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडे अडण लावा. शेडमध्ये हात घालण्याआधी बॉनेटखाली, सीटखाली आणि हत्यारांच्या पेटीत काठीने ढोसून बघा. सहा वर्षांत तिथे कुणीतरी राहायला आलेलं असतं, आणि ते दरवेळी उंदीरच असेल असं नाही.

पहिलं काम बंद करण्याचं. बॉनेट उघडा आणि आकड्यापासून तारेचा माग काढत पंपापर्यंत जा. तार ओढली की पंपावरचं लिव्हर शेवटपर्यंत गेलं पाहिजे आणि सोडली की परत आलं पाहिजे. एकाने ओढायचं, दुसऱ्याने बघायचं. तार काढून टाकून नवी केबल आणि पकडता येईल अशी नॉब बसवून घ्या, हे काम फार मोठं नाही. पण एवढ्याने भागत नाही. काही पंपांमध्ये आतला दांडा, ज्याला मिस्त्री लोक रॅक म्हणतात, जुन्या डिझेलच्या चिकट थराने जागच्या जागी धरून बसतो. तो पूर्ण डिझेल सोडण्याच्या जागी अडकला असेल तर इंजिन चालू होताच चढत जातं आणि नॉब ओढून काहीच होत नाही. डिझेल पंपाचं काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडून रॅक मोकळा हलतोय ना, ते पाहून घ्या. सबंध ट्रॅक्टरमध्ये फक्त एकाच कामाला जाणकार बोलवायचा असेल, तर तो या कामाला बोलवा.

दुसरी वाट हवेची. इंजिन बेलगाम चढलं आणि डिझेल तोडूनही थांबेना, तर हवा बंद करावी लागते. हवा आत ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावर पूर्ण बसेल अशी जाड लाकडी फळी कापून हाताशी ठेवा. हात लावायचा नाही, इंजिन तो ओढून घेतं. फडकंही नाही, ते आत जातं. फळीची वेळ बहुधा येणार नाही, आणि नाही आली तर मीही काही वाईट वाटून घेणार नाही.

डिझेल तोडूनही इंजिन चालतं याचं कारण ते दुसरंच काहीतरी जाळत असतं: स्वतःचं ऑईल. म्हणून डीपस्टिककडे नीट बघा. ऑईल कमी असणं ही साधी गोष्ट आहे. खुणेच्या वर असणं ही वाईट बातमी आहे, कारण सहा वर्षांत ते आपोआप वाढलेलं नाही. काडी नाकाशी न्या. डिझेलचा वास आला तर टाकीतून डिझेल खेचणाऱ्या फीड पंपाचा पडदा बहुधा फाटून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, उतरलेलं आहे. ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आहे. चेंबरचा बोल्ट हळूच सैल करा; पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि ऑईलच्या आधी तेच बाहेर येतं. दोन्हीपैकी काही निघालं तर कारण सापडून ते दुरुस्त होईपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. काही निघालं नाही तरी ऑईल आणि फिल्टर नवेच टाका.

एअर क्लीनर बहुधा ऑईल बाथचा असेल, म्हणजे खाली ऑईलची वाटी आणि वर जाळी. वाटीतला चिखल काढा, वरच्या पाइपात उंदराचं घरटं नाही ना बघा, आणि नवं ऑईल वाटीतल्या खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून जाळतं, आणि पुन्हा फळीपाशी येतो आपण. रेडिएटरमधलं पाणी, पाइप आणि फॅनचा पट्टा हे तुम्ही गाडीतही बघत असाल, त्यात वेगळं काही नाही.

यानंतर इंजिन हाताने फिरवायचं. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढलेले असतील तर उत्तम, दाब राहत नाही. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पातळ ऑईल सोडून दोन-चार दिवस मुरू द्या आणि पुन्हा बघा. तुमच्या ट्रॅक्टरला पुढून घालायचं हँडल असेल आणि कुणी हौसेने ते मारायला पुढे आलं, तर त्याला थांबवा. उलटा झटका बसला तर मनगट मोडतं. ज्यांना ते येतं ते अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, मुठीत आवळत नाहीत, आणि हँडल खालून वर ओढतात, वरून खाली दाबत नाहीत. तुम्हाला ते शिकायची गरज नाही, सेल्फ दुरुस्त करा.

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. तळाशी पाणी आणि काळी चिकट घाण निघेल. टाकी धुऊन, फिल्टर बदलून ताजं डिझेल भरा. मग एअर काढायची. डिझेलच्या लाइनमध्ये हवा राहिली तर पंप हवाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत काही पोचत नाही. क्रम टाकीकडून इंजिनाकडे: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट. फीड पंपाचं लिव्हर हाताने मारत राहा. सैल स्क्रूच्या कडेने आधी पांढरा फेस येतो, मग फेस तुटून सुटे बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय एकसंध डिझेल. तिथे स्क्रू आवळायचा आणि पुढच्याकडे जायचं. घाई केली की हमखास एक बुडबुडा राहतो आणि इंजिन पकडल्यासारखं करून मरतं.

नोझलच्या नटांपाशी मात्र बोटं दूर. नोझल उघडतं तेव्हा डिझेलचा दाब दीडशे बारच्या पुढे असतो, तुमच्या गाडीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल बोटाच्या मांसात पसरत असतं. असं झालं तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच तासाला रुग्णालयात जायचं आणि ‘जास्त दाबाचं डिझेल कातडीखाली गेलंय’ या शब्दांत सांगायचं, कारण उशिरामुळे बोट काढावं लागल्याची उदाहरणं आहेत. गळती शोधायची असेल तर पाइपाजवळून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, हात नाही.

बॅटरी काढण्याआधी तिचा फोटो घ्या. कोणतं टोक ट्रॅक्टरच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडलंय ते त्यात दिसलं पाहिजे. कित्येक जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांत गाडीच्या उलट, पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, आणि काहींची बॅटरी सहा व्होल्टची असते. सवयीने गाडीसारखं जोडलं तर चार्जिंगची नासाडी. काढताना अर्थची वायर पहिली, लावताना अर्थची शेवटची. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी चिकटपट्टीने गुंडाळून चालवू नका, सेल्फ आणि किल्लीची वायरिंग नवी करा.

आणि तो स्क्रू ड्रायव्हर शेडमधून घरी न्या. त्याने सेल्फ फिरवणारा माणूस कुठे उभा असतो ते बघा: जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात. किल्लीच्या, क्लचच्या, गियरच्या सगळ्या सोयी बाजूला ठेवून वीज थेट सेल्फला मिळते. त्या क्षणी ट्रॅक्टर गियरमध्ये असला तर तो पुढे येतो आणि चाक त्या माणसावर चढतं. ट्रॅक्टर चालवण्यात मुरलेली माणसं अशी गेलेली आहेत. गियर न्यूट्रल आहे याची त्यांना पक्की खात्री होती. १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये यावर फार छान उपाय होता. गियरची दांडीच ‘एस’ अशा खुणेकडे नेली की सेल्फ लागायचा, म्हणजे गियरमध्ये असताना इंजिन सुरू करायची सोयच नाही. सगळ्या कंपन्यांना तेव्हा हे सुचलं नव्हतं. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये असं काही नसेल तर वायरिंग करतानाच क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागणार नाही असा स्विच बसवून घ्या.

क्लचवरून आठवलं. ट्रॅक्टर वर्षानुवर्षं उभा राहिला की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटते. पॅडल दाबलं तर पायाला सगळं ठीक वाटतं, आत मात्र काही सुटलेलं नसतं. हे इंजिन चालू व्हायच्या आधी कळून घ्यायचं. सपाट जागेवर, इंजिन बंद आणि बॅटरी सुटलेली असताना, वरचा गियर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा, अडण काढा आणि दोघा-तिघांना बाजूने ढकलायला सांगा. ट्रॅक्टर हलला तर क्लच सुटतोय. हलला नाही, पण न्यूट्रलमध्ये हलतो, तर प्लेट चिकटलेली आहे. पॅडल दाबून मधे लाकूड अडकवून काही दिवस ठेवलं तर ती कधी कधी सुटते. गियरमध्ये सेल्फ मारून झटक्याने सोडवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ती ऐकून घ्या, करू नका. क्लच किंवा ब्रेक उघडावे लागले तर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू देऊ नका. त्या काळच्या प्लेटांत आणि लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, म्हणून धूळ ओली करून पुसायची.

ब्रेकची दोन पॅडल दिसतील, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाची वेगवेगळी. शेतात वळताना एकच दाबतात, बाकी सर्व वेळ ती खिट्टीने एकत्र जोडलेली हवीत. वेगात असताना एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गरकन वळतो आणि कलंडतो. दोन्ही चाकं सारखी धरतात ना, ते मिस्त्रीकडून करून घ्या. टायरांना उभ्या उभ्या चिरा पडलेल्या असतील. आतले धागे दिसत असतील तर हवा भरायच्या भानगडीत न पडता बदला. हवा भरताना टायरच्या सपाट अंगासमोर, म्हणजे रिमच्या तोंडाशी, उभं राहायचं नाही, नक्षीच्या बाजूला राहायचं.

आता पहिल्यांदा सुरू करायचा दिवस. ट्रॅक्टर मोकळ्यावर, शेडमध्ये नाही. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला झोपवतो. मुलं घरात. पुढे-मागे कुणी नाही. एक माणूस बाजूला, फळी घेऊन. तुम्ही सीटवर बसून, जमिनीवर उभं राहून नव्हे. क्लच दाबा, गियरची दांडी डावी-उजवीकडे मोकळी हलते ना बघा, पीटीओचं (मागचं यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टचं) लिव्हर सुटलेलं, लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) खाली, हँडब्रेक ओढलेला, हँड ॲक्सिलरेटर थोडा उघडा, बंद करायची नॉब आत. सेल्फ दहा-पंधरा सेकंद मारा, मग मिनिटभर थांबा. नाही पकडलं तर पुन्हा एअर बघा. हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारायचा मोह टाळा. इंजिनला आत तापवणारा हीटर असेल तर त्यावर ईथरचा भडका उडतो, आणि हीटर नसला तरी पिस्टनच्या रिंगांना ते सोसत नाही.

पकडलं की रेस देऊ नका. पहिली नजर ऑईल प्रेशरच्या काट्यावर. काही सेकंदांत तो उठला नाही तर लगेच बंद. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जायला हवा. निळा राहिला तर ऑईल जळतंय. दहा मिनिटं मंद चालू द्या, कुठे गळतंय का ते दुरून बघा, आणि मग नॉब ओढून बंद करा. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा. नॉब दरवेळी, पहिल्या ओढीला काम करते अशी खात्री होईपर्यंत गियर टाकायचा नाही. पहिल्या दिवशी एवढंच पुरे.

चालवायला लागाल तेव्हा तुमची गाडीची सवयच आड येईल. गाडीत पाय उचलला की वेग उतरतो. ट्रॅक्टरचा हँड ॲक्सिलरेटर जिथे ठेवाल तिथे राहतो, आणि इंजिनवर ओझं आलं की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग कायम राखणारा भाग, आपणहून डिझेल वाढवतो. म्हणजे चाक कशाला अडलं तर ट्रॅक्टर हार मानत नाही, जास्त जोर लावतो. गोंधळ झाला की पाय आधी क्लचवर गेला पाहिजे, हे सपाट रिकाम्या जागेवर खालच्या गियरमध्ये पुन्हा पुन्हा करून पायात बसवा. याला एकच अपवाद, उतार. उतारावर क्लच दाबायचा नाही. इंजिन सुटलं की ट्रॅक्टर पळत सुटतो, आणि जुन्या गियरबॉक्समध्ये चालत्या गाडीत पुन्हा गियर पडत नाही. ज्या गियरमध्ये चढ चढाल त्याच गियरमध्ये उतरायचं, आणि तो चढाच्या पायथ्याशी थांबून निवडायचा.

तुमच्या ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षक फ्रेम नसणार. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि पुढच्या दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू नगण्य झाले. फ्रेमचं महत्त्व सांगायला एवढं पुरेसं आहे. बऱ्याच जुन्या मॉडेलांसाठी चाचणी केलेल्या फ्रेम मिळतात. गेट बनवणाऱ्याकडून पाइप वाकवून घेतलेला सांगाडा म्हणजे फ्रेम नव्हे, तो उलटताना तुमच्यासकट मोडतो. फ्रेम बसवली की पट्टा लावायचाच. फ्रेम नसेल तर पट्टा लावायचा नाही, कारण मग तो तुम्हाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. फ्रेम बसेपर्यंत आडवा उतार, बांधाची कड आणि चर टाळा. चर जितका खोल तितकं तरी अंतर त्याच्या कडेपासून राखा.

ट्रॅक्टर मागेही उलटतो, हे गाडीवाल्यांना खरं वाटत नाही. मागची चाकं रुतली किंवा मागचं ओझं हललं नाही, तर इंजिनचा जोर चाकं फिरवण्याऐवजी पुढचा भाग उचलायला लागतो. दोरी ॲक्सलला, सीटच्या ब्रॅकेटला किंवा टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, जागी बांधली असेल तर हे सेकंद-दीड सेकंदात होतं, क्लचवर पाय जायच्या आत. १९१७ पासून बनलेला फोर्डसन एफ यासाठी कुप्रसिद्ध होता. हॅरी फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरला जोडण्याची जी तीन बिंदूंची पद्धत बसवली, आणि जी १९३९ च्या फोर्ड ९एन वर आली, तिच्यात या उलटण्यावरही तोड होती: नांगर अडला तर टॉप लिंक पुढच्या चाकांना उलट खाली दाबते. पण ते अवजारापुरतं. ओढायची कुठलीही गोष्ट, ओंडका असो की रुतलेली गाडी, फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढण्यासाठीच्या मागच्या दांड्याला. स्वतःच रुतलात तर पुढे रेटू नका. माती उकरून मागे निघा.

गवत कापायच्या यंत्राबद्दल. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक त्यात गेलं तर ‘अरे’ म्हणायच्या आत हात गेलेला असतो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण आणि ट्रॅक्टरच्या बाजूचं झाकण नसेल तर आधी ते बसवा. अंगावर घट्ट कपडे, केस बांधलेले, आणि चालू शाफ्ट ओलांडून पलीकडे जायचं नाही, पीटीओ बंद करून वळसा घालायचा.

जुन्या ट्रॅक्टरांची इथे आणखी एक खोड असते, जी नव्या ट्रॅक्टरवर शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. पीटीओ आणि चाकं एकाच क्लचमागे, एकाच गियरबॉक्सला जोडलेली असतात. कुंपण जवळ आलं म्हणून तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटतं, पण गवत कापायचं जड पातं भन्नाट फिरत असतं. ते शाफ्टमधून उलटं गियरबॉक्सला फिरवतं आणि चाकं पुढे ढकलत राहतं. क्लच पूर्ण दाबलेला, आणि ट्रॅक्टर निवांत कुंपणात. यावर एक छोटा भाग मिळतो, पीटीओच्या टोकावर बसणारा एकाच दिशेने जोर देणारा कपलर, ज्याला ओव्हररनिंग क्लच म्हणतात. तो बसवल्याशिवाय तुमचं यंत्र जोडू नका.

मुलांची फेरी: नाही. मांडीवर नाही, मडगार्डवर नाही, मागच्या लिंकेजवर उभं करून तर नाहीच. ट्रॅक्टरला सीट एक असते. मडगार्डवरचं मूल खड्ड्याच्या एका हिसक्याने पडतं आणि पडतं ते थेट मागच्या चाकापुढे, चालवणाऱ्याचं लक्ष पुढे असताना. मुलांना हौस वाटणारच. ट्रॅक्टर सपाटीवर उभा, चाकांना अडण, बॅटरी सुटलेली, अशा वेळी त्यांना सीटवर बसवून हवं तितकं स्टीअरिंग फिरवू द्या. तोंडाने आवाज ती काढतीलच.

एवढं झाल्यावर एक काम काकांकडे जाऊन करा. त्यांनी आजोबांना इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवताना पाहिलंय. कुठल्या गियरमध्ये दांडी निसटायची, लिफ्ट बंद केल्यावर किती वेळात खाली बसायची, थंडीत काय करत, शेवटच्या वर्षी काय बिघडलं होतं, हे त्यांना विचारा आणि लिहून घ्या. सोबत ट्रॅक्टरवर कंपनीने ठोकलेली धातूची पट्टी घासून मॉडेल आणि क्रमांक उतरवा. नावाजलेल्या जुन्या मॉडेलांची चालकपुस्तिका छापील प्रतीत अजून मिळते, आणि कोणतं ऑईल किती हे काकांपेक्षा ती बरोबर सांगते. रस्त्यावर काढण्याआधी नोंदणी आणि विमा तुमच्या नावावर झालेला हवा. आणि दर वेळी काम संपल्यावर अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, गियरमध्ये ठेवून, बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवा.